आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

३० सप्टेंबर २०२१, गुरुवार. भारतात संध्याकाळचे साडेसात वाजून गेले होते. डीएसटी रूट सीए एक्स३ अशा रुक्ष नावाच्या एका मूळ सर्टिफिकेटची मुदत त्या मिनिटाला संपली, आणि जगभरातल्या कितीतरी जुन्या लिनक्स मशिनांनी कालपर्यंतच्या ओळखीच्या सर्व्हरांना ओळख द्यायचं बंद केलं. त्या सर्व्हरांवरची सर्टिफिकेटं ताजी होती. ती देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं स्वतःचं नवं मूळ सर्टिफिकेटही यातल्या बहुतेक मशिनांच्या विश्वासयादीत आधीच जाऊन बसलेलं होतं. तरीही लॉगमध्ये एकच पालुपद: सर्टिफिकेटची मुदत संपली आहे.

झालं होतं असं की सर्व्हर जी सर्टिफिकेटांची साखळी पाठवत होते, तिचं शेवटचं टोक त्या मुदत संपलेल्या मुळाशी जाऊन टेकत होतं. सेंटओएस ७ किंवा उबुंटू १६.०४ वरचं ओपनएसएसएल १.०.२ ही साखळी शेवटच्या कडीपर्यंत चालत जायचं. वाटेत विश्वासाचं नवं मूळ लागलं तरी तिथे थांबायचं त्याला सुचत नसे. मग साखळी एवढी लांब ठेवलीच कशाला? तर अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांसाठी. त्यांना नवं मूळ माहीत नव्हतं आणि जुन्या मुळाची मुदत ते तपासत नव्हते. म्हणजे कुणाच्या तरी खिशातल्या जुन्या फोनची सोय केली आणि दूरच्या कुठल्या तरी कपाटातलं जुनं लिनक्स अडलं. सर्व्हरवर नेहमीच्या रीतीने सर्टिफिकेट दहादा नवं घेतलं असतं तरी तीच साखळी पुन्हा हातात पडली असती. साधा इलाज समोरच्या मशिनावर होता: तिथल्या विश्वासयादीतून ते मेलेलं मूळ काढून टाकायचं.

मराठीत याला ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणतात. लिनक्सवर मेल सर्व्हर उभा करताना आणि त्याला सर्टिफिकेट जोडताना येणाऱ्या बहुतेक अडचणी याच जातीच्या असतात. धूर एका प्रोग्रामातून निघतो आणि निखारा दुसऱ्याच प्रोग्रामात असतो. प्रस्तुत पुस्तक या एकाच सूत्राभोवती फिरतं, म्हणून ही प्रस्तावनाही तिथूनच सुरू केली आहे.

नवख्या माणसाची पहिली समजूत अशी असते की मेल सर्व्हर हे एक सॉफ्टवेअर आहे. वेब सर्व्हरच्या बाबतीत ती जवळजवळ खरी असते: एक आज्ञा दिली, इंजिनएक्स बसलं, ब्राउझरात पान उघडलं. मेलचं तसं नाही. डेबियनवर पोस्टफिक्स बसवायला घेतलं की निळ्या पडद्यावर पहिलाच प्रश्न येतो, तुमचा सर्व्हर कुठल्या प्रकारचा, आणि पुढे पाच पर्याय. इथे चुकीच्या ओळीवर एंटर दाबलं तर पुढचे दोन दिवस मेल मशिनाच्या बाहेर पाऊल टाकत नाही, आणि का टाकत नाही हे कळत नाही. तो टप्पा ओलांडला तरी हाती येतो तो फक्त टपाल घेणारा आणि पुढे धाडणारा विभाग. आलेलं टपाल पेटीत ठेवून मालकाला दाखवायचं काम डोव्हकॉटचं. पाकिटावर सही करायचं काम ओपनडीकेआयएम किंवा आरस्पॅमडीचं. कचरा निवडायचं काम आणखी कुणाचं. सर्टिफिकेट आणून देणारा सर्टबॉट वेगळा, आणि या सगळ्यांचा पत्ता जगाला सांगणारं डीएनएस तर बहुधा दुसऱ्याच कंपनीकडे. लग्नघरात वेगवेगळ्या गावांहून आचारी आणावेत तसा हा प्रकार आहे. प्रत्येकाच्या हाताला चव आहे. पण झारा कुणी नेला यावरून पंगत खोळंबते.

ही मंडळी वेगवेगळ्या गावांहून का आली, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अर्पानेटवर एका मशिनावरून दुसऱ्या मशिनावर संदेश पाठवला आणि माणसाचं नाव आणि मशिनाचं नाव यांच्या मध्ये ते गोल वेटोळ्याचं ‘ॲट’ चिन्ह बसवलं. पुढे अकरा वर्षांनी, ऑगस्ट १९८२ मध्ये, जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचा मसुदा आरएफसी ८२१ म्हणून प्रसिद्ध केला. आजही दोन मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते मूलतः त्याच भाषेत. पोस्टेल यांच्या जगात नेटवर्कवरची माणसं मोजकी होती आणि बहुतेक एकमेकांना ओळखत होती. म्हणून पाठवणाऱ्याने स्वतःचं जे नाव सांगितलं ते खरं मानायचं, असा शिरस्ता पडला. मेलच्या सुरक्षेसाठी पुढच्या चाळीस वर्षांत जे काही झालं, ते या शिरस्त्याला लावलेल्या ठिगळांचा इतिहास आहे.

भारतात हे वारं आलं तेही मोजक्या ओळखीच्या माणसांतूनच. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पातल्या सुरुवातीच्या संस्थांत जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी होती. मुंबईच्या दोन उपनगरांतल्या या संस्था टेलिफोनच्या तारेवरून एकमेकींशी मेलने बोलू लागल्या. सर्वसामान्य माणसाला व्हीएसएनएलमार्फत इंटरनेट मिळायला १५ ऑगस्ट १९९५ उजाडावा लागला.

पत्र पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरची परंपरा सांगायची तर गाण्यातल्या घराण्यांचीच उपमा बरी पडते, कारण इथेही राग तोच आणि मांडणी वेगळी. आद्य घराणं सेंडमेलचं. बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन ज्या प्रकल्पात काम करत, त्याच्याकडे अर्पानेटची जोडणी होती. मेल वाचायला म्हणून प्रत्येक जण त्या मशिनावर खातं मागू लागला. खाती वाटत बसण्यापेक्षा मेलच ज्याच्या त्याच्या मशिनावर पाठवून द्यावी, या वैतागातून १९७९ मध्ये डिलिव्हरमेल आणि त्यातून पुढे सेंडमेल जन्माला आलं. तेव्हा नेटवर्कं अनेक होती आणि प्रत्येकाची पत्ता लिहायची रीत निराळी, म्हणून सेंडमेलला पत्ते हवे तसे उलटसुलट करायची अफाट ताकद दिली गेली. त्या ताकदीची किंमत म्हणजे त्याची कॉन्फिगरेशन फाइल. ती पाहून मांजर कळफलकावरून चालत गेलं असावं असं वाटतं. ओरायलीच्या ज्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर वटवाघूळ आहे, तो याच सॉफ्टवेअरवरचा; पुढच्या आवृत्त्यांत त्याने हजार पानं ओलांडली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेला मॉरिस वर्म ज्या वाटांनी पसरला, त्यांतली एक सेंडमेलच्या चालू राहिलेल्या डीबग सोयीतून जात होती.

नंतरची तिन्ही घराणी या अनुभवाला दिलेली उत्तरं आहेत. डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल लिहिलं, कामाचे तुकडे करून प्रत्येकाला कमीत कमी अधिकार दिले, आणि १९९७ मध्ये सुरक्षेतली भेग दाखवणाऱ्याला ५०० डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. बाणा कडक. इतका की २००५ मध्ये दाखवलेली एक भेग प्रत्यक्षात वापरता येणार नाही म्हणून मान्य झाली नाही, आणि २०२० मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी ती वापरून दाखवली. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये एक्झिम सुरू केलं. ते एकसंध, वाचायला सोपं, आणि नियम लिहायची हौस असणाऱ्याला मोकळं रान देणारं. डेबियनचं घरचं मेल सॉफ्टवेअर आजही तेच आहे. आणि डिसेंबर १९९८ मध्ये आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात असलेल्या वित्से वेनेमा यांनी पोस्टफिक्स खुलं केलं. क्यूमेलचा सावधपणा त्यात होता, पण सेंडमेलवर वाढलेल्या माणसाला परकं वाटू नये याची काळजीही होती. इतकी काळजी, की पोस्टफिक्स आपल्यासोबत ‘सेंडमेल’ नावाची एक आज्ञाही बसवतं. बसवणूक करणाऱ्यांच्या गोंधळाचं हे एक जुनं कारण. आज्ञा सेंडमेलची, मागे पोस्टफिक्स, आणि कुठल्या तरी जुन्या मशिनावर खरंखुरं सेंडमेल २५ क्रमांकाचं पोर्ट अडवून आधीच बसलेलं! पोस्टफिक्स मग ‘पत्ता आधीच वापरात आहे’ एवढं सांगून गप्प होतं.

पेटी दाखवणाऱ्यांचा इतिहास त्या मानाने सरळ आहे. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला आयमॅपची कल्पना मांडली, कार्नेगी मेलनमधून सायरस आलं, आणि २००२ मध्ये फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांनी डोव्हकॉट आणलं. आज लिनक्सवर नवा मेल सर्व्हर उभारणारा बहुधा पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट ही जोडीच निवडतो. पुस्तकानेही तीच मुख्य धरली आहे आणि एक्झिमला जिथे त्याचा स्वभाव खरोखर वेगळा पडतो तिथे बोलावलं आहे.

आता सर्टिफिकेटांकडे. इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज याच गल्लीत राहतात.

नेटस्केपने १९९५ मध्ये एसएसएल आणलं ते वेबसाठी. मेलने ते उसनं घेतलं, आणि उसनं घेताना अर्धवट घेतलं. सुरुवातीला ४६५ क्रमांकाचं एक वेगळं पोर्ट ठेवलं गेलं, जिथे पहिल्या अक्षरापासून सगळं कुलूपबंद. मग मानक ठरवणाऱ्यांचं मत बदललं: वेगळं पोर्ट नको, साध्या पोर्टवरच बोलणं सुरू करावं आणि मध्येच ‘चला, आता दार लावून बोलू’ म्हणावं. या ‘स्टार्टटीएलएस’ सोयीचं मानक जानेवारी १९९९ मध्ये आलं. ४६५ ची नोंद रद्द झाली, पण लोकांनी ते वापरणं काही सोडलं नाही. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये आरएफसी ८३१४ ने त्याला सन्मानाने परत बोलावलं. त्यामुळे इंटरनेटवर मिळणारी बसवणुकीची कृती कुठल्या वर्षी लिहिली यावर ती ४६५ ला जुनाट म्हणते की उत्तम, हे ठरतं. दोन कृती एकत्र कालवणाऱ्याच्या सर्व्हरवर मग एक बाजू कुलूप लावून बोलायची वाट पाहत बसते आणि दुसरी बाजू साध्या रामरामाची. दोघंही गप्प. शेवटी वेळ संपते आणि पडद्यावर ‘टाइमआउट’ येतं. नवखा माणूस तेवढ्यावरून फायरवॉल उलटंपालटं करतो.

पण याहून खोल गोष्ट पुढे आहे. फोन किंवा आउटलुक जेव्हा आपल्या सर्व्हरशी बोलतो, तेव्हा तो सर्टिफिकेट कसोशीने तपासतो: नाव जुळतं का, मुदत आहे का, साखळी विश्वासाच्या मुळापर्यंत पोचते का. मात्र दोन सर्व्हर एकमेकांशी २५ क्रमांकाच्या पोर्टवर बोलतात, तेव्हा बहुतेक ठिकाणी यातलं काहीच तपासलं जात नाही. समोरच्याला कुलूप लावता येतं ना, मग लावा. कुलपावर नाव कुणाचं हे कोण पाहतंय! याला संधी मिळेल तेवढी सुरक्षा म्हणता येईल. सर्टिफिकेट खोटं म्हणून पत्र अडवायचं, तर ते बिनकुलपाचं पाठवावं लागणार किंवा पोचणारच नाही. त्यापेक्षा हे बरं, असा त्यामागचा व्यवहारी हिशोब. मार्ग आखून देणारी एमएक्स नोंदच डीएनएसमधून बिनसहीची येत असेल, तर सर्टिफिकेटवरचं नाव तपासून फारसं साधत नाही, हेही त्यामागे आहेच.

परिणाम असा, की डेबियनवरचं पोस्टफिक्स बसवल्या बसवल्या एका स्वतःच सही केलेल्या सर्टिफिकेटवर काम सुरू करतं, आणि त्या सर्टिफिकेटच्या फाइलचं नाव आहे ‘स्नेकऑइल’. रस्त्याकडेला सांड्याचं तेल विकणारा वैदू ज्याने पाहिला असेल, त्याला या नावातली थट्टा समजावून सांगायला नको. दहा वर्षांच्या मुदतीच्या या तेलावर बाहेरची मेल कुलूपबंद होऊन बिनबोभाट येत राहते. मालक समाधानी. मग एक दिवस कुणी फोनवर खातं जोडायला जातं आणि फोन लाल अक्षरांत ओरडतो. ‘मेल तर येतेय, मग सर्टिफिकेट खराब कसं?’ या प्रश्नाचं उत्तर ज्याला मिळालं, त्याला निम्मा विषय आला असं प्रस्तावनाकाराचं मत आहे.

पोस्टफिक्सच्या लॉगमधले चार शब्दही इथेच उलगडतात. जोडणी झाल्यावर ते ‘अनॉनिमस’, ‘अनट्रस्टेड’, ‘ट्रस्टेड’ किंवा ‘व्हेरिफाइड’ यांपैकी एक शेरा मारतं. ‘अनट्रस्टेड’ वाचून धास्तावलेली माणसं आपलंच सर्टिफिकेट बदलायला धावतात. वास्तविक बाहेर जाणाऱ्या मेलच्या ओळीतला तो शेरा समोरच्या सर्व्हरविषयी असतो, आणि पुष्कळदा त्याचं कारण एवढंच की पोस्टफिक्सला विश्वासाची यादी कुठे आहे ते कुणी सांगितलेलंच नसतं. पत्र मात्र पोचलेलं असतं, कुलपासकट. याच जातीची दुसरी चकवा देणारी गोष्ट म्हणजे पोस्टफिक्सच्या सेटिंगांमधलं ‘डी’ हे अक्षर. ‘एसएमटीपीडी’ने सुरू होणारी सेटिंगं येणाऱ्या मेलची, आणि ‘एसएमटीपी’ने सुरू होणारी जाणाऱ्या मेलची. एक अक्षर विसरलं की दुरुस्ती भलत्याच दिशेच्या वाहतुकीला लागू होते, आणि पोस्टफिक्सची तक्रारही येत नाही, कारण दोन्ही नावं त्याच्या लेखी वैध असतात.

डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट सर्वांसाठी खुलं झालं आणि या धंद्याची आर्थिक बाजूच बदलली. त्याआधी सर्टिफिकेट म्हणजे बहुधा वर्षाकाठी पैसे मोजून आणायची वस्तू. लहान संस्था सरळ स्नेकऑइलवर भागवत. आता ते फुकट, आपोआप, पण ९० दिवसांचं. खर्चाची अडचण गेली आणि तिच्या जागी वेळापत्रकाची आली.

या नव्या अडचणीचं एक रूप वारंवार दिसतं. सर्टबॉटने रात्री सर्टिफिकेट नवं करून फाइल जागेवर ठेवली. महिन्याभराने एका सकाळी कार्यालयात सगळ्यांचा आयमॅप ‘मुदत संपली’ म्हणू लागतो, पण मेल पाठवायला काही अडचण नाही! एकच मशिन, एकच फाइल, दोन निकाल. कारण पोस्टफिक्सच्या मेल घेणाऱ्या प्रक्रिया अल्पायुषी असतात. मूळ सेटिंगात शंभर जोडण्या झाल्या किंवा शंभर सेकंद रिकामं बसावं लागलं की त्या संपतात. नवी जन्मते ती नवी फाइल वाचते. डोव्हकॉट मात्र सुरू होताना वाचलेलं सर्टिफिकेट स्मरणात धरून बसतं आणि रीलोड केल्याशिवाय सोडत नाही. सर्टबॉटच्या ‘डिप्लॉय’ हुकमध्ये एक ओळ घातली की प्रश्न मिटतो. ती ओळ घालायची असते हे मात्र पहिल्या फजितीनंतरच कळतं.

खासगी कीची फाइल कोण वाचू शकतो, हा असाच घराण्याघराण्यांत फरक करणारा प्रश्न. लेट्स एन्क्रिप्टची की फक्त रूटला वाचता येते. पोस्टफिक्स रूटचे अधिकार असतानाच ती वाचून घेतं आणि मग अधिकार टाकून देतं. डेबियनवरचं एक्झिम आपल्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने ती वाचायला जातं आणि दारातून परत येतं. रेड हॅटच्या कुटुंबात आणखी एक पहारेकरी असतो, एसईलिनक्स. घरच्या फोल्डरातून सर्टिफिकेट उचलून जागेवर हलवलं, तर फाइलवर जुन्या घराचा शिक्का तसाच राहतो. परवानग्या पाहाव्या तर चोख, तरी सेवा म्हणते वाचता येत नाही. ‘रिस्टोअरकॉन’ ही एक आज्ञा दिली की शिक्का बदलतो. पण इंटरनेटवरचा लोकप्रिय सल्ला एसईलिनक्सच बंद करण्याचा आहे. ढेकूण झाले म्हणून घर जाळायचा.

सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा तो शेवटी देणाऱ्यावर, आणि देणारेही चुकतात. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटार या संस्थेत घुसखोरी होऊन खोटी सर्टिफिकेटं बाहेर पडली आणि त्याच वर्षी ती संस्था बुडाली. जुलै २०१४ मध्ये भारताच्या एनआयसीच्या सर्टिफिकेट विभागातून गूगलच्या डोमेनांसाठी अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं आणि ती रद्द करावी लागली. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या भारताच्या नियंत्रकाचं मूळ सर्टिफिकेट मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं, मोझिलाच्या यादीत नव्हतं. लिनक्स वितरणांची यादी प्रामुख्याने मोझिलावरून येते, त्यामुळे त्या प्रकरणाची झळ विंडोजला लागली आणि लिनक्स वाचलं. विश्वासयादी हीसुद्धा कुणीतरी बसवलेली, बदलणारी फाइल आहे, हे यातून दिसतं. सुरुवातीला सांगितलेल्या २०२१ च्या घटनेतही तिचीच एक ओळ अडली होती.

हे सगळं आता का वाचायचं? मोठ्या कंपन्या थोड्या पैशांत पेटी देत असताना स्वतःचा सर्व्हर चालवायचा खटाटोप कुणी का करावा? प्रश्न रास्त आहे, आणि अनेकांना प्रामाणिक उत्तर ‘करू नये’ हेच द्यावं लागेल. पण विद्यापीठं, वृत्तपत्रं, सहकारी संस्था, होस्टिंगवाले, आपला पत्रव्यवहार परक्या यंत्रावर ठेवणं ज्यांना परवडत नाही असे लोक, आणि निव्वळ शिकायची हौस असणारे, यांच्यापुढे हा प्रश्न उरतोच. आणि त्यांच्यासाठी गेल्या काही वर्षांत खेळाचे नियम कडक झाले आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी ही तिन्ही ठिगळं सक्तीची केली. गूगलच्या लेखी दिवसाला जीमेलवर ५,००० पत्रं म्हणजे घाऊक. पण कुलूपबंद जोडणी आणि आयपीची उलटी नोंद त्याने लहानमोठ्या सर्वांकडेच मागितली. ॲमेझॉन आणि गूगलसारखे क्लाउडवाले बाहेर जाणारं २५ क्रमांकाचं पोर्ट मुळातच बंद ठेवतात, तेव्हा कॉन्फिगरेशन निर्दोष असूनही पत्र दारातच पडून राहतं.

सर्टिफिकेटांची मुदतही आक्रसत चालली आहे. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझरवाले आणि सर्टिफिकेट देणारे यांच्या मंचाने ठरवलं, की कमाल मुदत मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस. मुदत संपत आल्याची आठवण करून देणारी मेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये पाठवायची बंद केली. कॅलेंडरवर खूण करून हाताने सर्टिफिकेट बदलणाऱ्यांची पद्धत यापुढे टिकणार नाही.

त्यातच सॉफ्टवेअरही पायाखालून सरकतं. डोव्हकॉटमध्ये सर्टिफिकेटच्या मार्गाआधी ‘पेक्षा लहान’चं चिन्ह टाकायची जुनी रीत होती. ते विसरलं की डोव्हकॉट मार्गालाच सर्टिफिकेट समजून वाचायचं आणि त्यात सुरुवातीची ओळ सापडत नाही म्हणून कुरकुरायचं. ही खोड एका पिढीने पाठ केली. मग जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीने सेटिंगचं नावच बदललं आणि ते चिन्हही काढून टाकलं. ऑगस्ट २०२५ चं डेबियन १३ हीच आवृत्ती घेऊन आलं. जुनी फाइल जशीच्या तशी ठेवून अपग्रेड करणाऱ्याचं डोव्हकॉट सुरूच होत नाही. आणि लॉग पाहायला जावं, तर डेबियन १२ पासून नव्या बसवणुकीत मेलच्या लॉगची ती ओळखीची फाइलच नसते; सगळं जर्नलमध्ये गेलेलं असतं. फाइल नाही म्हणजे तक्रार नाही, असं समजून परत फिरलेले लोकही आहेत.

मराठी वाचकाला जवळचा असा एक पदर यात आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन खुलं झालं, आणि २०१५ मध्ये आलेल्या पोस्टफिक्स ३.० ने ‘ॲट’च्या दोन्ही बाजूंना देवनागरी असलेला पत्ता स्वीकारायची तयारी केली. म्हणजे मराठी नावाने मराठी पत्ता चालवणं शक्य आहे. पण सर्टिफिकेटवर ते डोमेन देवनागरीत दिसत नाही. तिथे ‘एक्सएन’ने सुरू होणारी रोमन अक्षरांची रांग असते. नाव जुळतं की नाही हे डोळ्यांनी ताडून पाहणाऱ्याची त्यामुळे पंचाईत होते. शिवाय समोरच्या सर्व्हरला ही भाषा येत नसेल तर पत्र परत येतं. पुस्तकात या पत्त्यांचा स्वतंत्र सराव दिला आहे. तो केवळ अस्मितेपोटी घातलेला वाटत नाही, ही त्याची जमेची बाजू.

अडचण सोडवण्याचेही पंथ आहेत. पहिला कृतीवाल्यांचा: कुणीतरी लिहिलेली कृती ओळीबरहुकूम उतरवायची आणि अडलं की दुसरी कृती धरायची. दुसरा तयार डब्याचा: मेल-इन-अ-बॉक्स, मेलकाऊ, आयरेडमेल. यांत सगळे आचारी एकाच मुकादमाच्या हाताखाली दिलेले असतात. हा पंथ मुळीच हिणवण्यासारखा नाही. ज्याला फक्त मेल हवी आहे त्याने तोच धरावा. तिसरा पंथ सांधे तपासणाऱ्यांचा. तो विचारतो: हा संदेश बोलला कोण, कुणाविषयी बोलला, आणि त्याने जे वाचलं ते मी वाचतोय तेच आहे का? डेबियनच्या परंपरेत पोस्टफिक्सचे काही भाग ‘/व्हार/स्पूल/पोस्टफिक्स’ या कोंडलेल्या खोलीत चालतात. तिथे डीएनएसच्या फाइलची शिळी प्रत असेल तर आज्ञा देऊन पाहिल्यास डोमेन सापडतं आणि पोस्टफिक्सला मात्र सापडत नाही. दोघंही खरंच बोलत असतात; दोघांच्या खोल्या वेगळ्या.

हे पुस्तक तिसऱ्या पंथाचं आहे आणि ते लपवत नाही. बसवणुकीची एकच आदर्श कृती त्यात शोधणाऱ्याची निराशा होईल. लेखकांनी आधी चालता सर्व्हर उभा केला आहे आणि मग तो एकेका सांध्यावर मुद्दाम मोडला आहे: साखळीतलं मधलं सर्टिफिकेट काढून, कीचे अधिकार बदलून, नाव चुकवून, उलटी नोंद पुसून. प्रत्येक मोडतोडीनंतर प्रत्येक प्रोग्राम काय बोलतो ते शेजारी शेजारी छापलं आहे. ज्याचं काही बिघडलं आहे त्याने आपल्या लॉगमधली ओळ घेऊन यावं आणि कुठल्या मोडतोडीशी ती जुळते ते पाहावं, अशी ही रचना. उणिवाही आहेत. एक्झिमच्या नियमांना जितकी जागा हवी होती तितकी मिळालेली नाही, आणि एमटीए-एसटीएस व डेन या सर्व्हरासर्व्हरांतल्या खऱ्या तपासणीच्या पद्धती परिशिष्टात ढकलल्या आहेत. २५ क्रमांकाच्या पोर्टवरची ती ‘कोण पाहतंय’ वृत्ती बदलायची तर त्या दोन्ही मुख्य पानांत यायला हव्या होत्या.

सराव करायला दोन मशिनं लागतात, एक पाठवणारं आणि एक घेणारं. एका लॅपटॉपवरची दोन आभासी मशिनं पुरतात. दोन्हींची घड्याळं बरोबर लावून घ्यावीत. पहिल्याच सरावात लेखक त्यातलं एक घड्याळ दोन वर्षं पुढे ढकलायला सांगतात.